एकच अर्ज, दोन नोंदी

“हें पान रिफ्रेश करूं नका, मागें जाण्याचें बटण दाबूं नका, खिडकी बंद करूं नका”—ही तीन नकारांची सूचना वाचून क्षणभर श्वास रोखून बसला नाहीं, असा गृहस्थ आजच्या सुशिक्षित कुटुंबांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. पैसे भरण्याचें बटण दाबलें कीं पडद्यावर एक चक्र फिरूं लागतें, आणि घरांतील वडील माणूस हात आंखडून, सोंवळ्यांतल्या भांड्यास चुकून स्पर्श होऊं नये अशा बेतानें, त्या चक्राकडे पाहत बसतें. ही सूचना कोणीं लिहिली, कां लिहिली, आणि ती लिहिण्याचा त्याला अधिकार होता काय, एवढाच प्रश्न आम्हीं या महिन्यांत या सदराकरितां घेतला आहे.

विषय सुचला तो एका वाचकभगिनीच्या पत्रावरून. त्यांचे मामंजी ७८ वर्षांचे. आयुष्यभर हिशेबाच्या खात्यांत नोकरी केलेले, पै-पैचा ताळा जमल्याशिवाय रात्रीं अंथरुणास पाठ न टेकणारे. नातवाच्या वसतिगृहाचें शुल्क भरण्याचें काम त्यांनीं मोठ्या हौसेनें आपणांकडे घेतलें होतें. एके दिवशीं फॉर्म भरून त्यांनीं बटण दाबलें. चक्र फिरत राहिलें, पान जागचें हालेना. म्हणून त्यांनीं पुन्हां बटण दाबलें. सहामाही शुल्क दोन वेळां कापलें गेलें. जादा रक्कम परत मिळावयास ७ आठवडे लागले, हें तर झालेंच. पण पत्रांतील खरें दुःख निराळें आहे. घरांतील तरुण मंडळींनीं “आजोबा, दोनदां दाबूं नका म्हणून तुम्हांला सांगितलें होतें ना!” असें चारचौघांत म्हटलें, आणि त्या दिवसापासून मामंजींनीं संगणकास हात लावणें सोडलें. भगिनी विचारतात, “चूक खरोखर त्यांचीच होती काय?”

आमचें उत्तर असें कीं, चूक त्यांची नव्हती. चक्र थांबेना म्हणून पुन्हां बटण दाबणें हा मनुष्यस्वभाव आहे. दाराची कडी वाजवून कोणी आलें नाहीं तर आपण ती पुन्हां वाजवितों, तसेंच तें. एकाच माणसाचा एकच अर्ज दोन वेळां आला आहे, हें ओळखण्याचें काम अर्ज घेणाराचें आहे, देणाराचें नव्हे. तें काम ज्यानें करावयाचें, तो सर्व्हरवरील प्रोग्रॅम लिहिणारा मोकळा सुटला आणि शिक्षा मामंजींस झाली. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार. ज्या घरांत असे मामंजी आहेत, त्याच घरांत बहुधा संगणकशास्त्र शिकणारा एखादा नातू किंवा एखादी नातही असते. तेव्हां पुढील मजकूर दोन्ही पिढ्यांनीं वाचावा; कांहीं भाग एकीस कंटाळवाणा वाटेल, कांहीं दुसरीस.

ब्राउझर आणि सर्व्हर (म्हणजे दूर कोठेंतरी अखंड चालूं असलेलें, मागेल तें पान देणारें यंत्र) हे एकमेकांशीं एच.टी.टी.पी. नांवाच्या ठराविक बोलीनें बोलतात. जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं ती रचली. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या रूपांत क्रियापद एकच होतें—‘गेट’, म्हणजे ‘अमुक पान दे’. वाचणें एवढाच व्यवहार असल्यामुळें तेवढें पुरत होतें. पुढें वाचणारालाही कांहीं सांगावयाचें असतें हें ध्यानांत आलें; पानावर रिकाम्या चौकटी आल्या, म्हणजेच फॉर्म आला. १९९५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या एच.टी.एम.एल. २.० च्या नियमांत फॉर्मला जागा मिळाली, आणि १९९६ च्या मे महिन्यांतील एच.टी.टी.पी. १.० च्या टिपणांत ‘गेट’च्या शेजारीं ‘पोस्ट’ हें क्रियापद नोंदलें गेलें.

या दोन क्रियापदांतील भेद स्वैपाकघरांत चांगला समजतो. आमटी उकळली कीं नाहीं हें झांकण उघडून पाहणें म्हणजे ‘गेट’. आमटींत मीठ घालणें म्हणजे ‘पोस्ट’. झांकण घरांतल्या पांच जणींनीं पांच वेळां उघडलें तरी आमटीचें कांहीं बिघडत नाहीं. मीठ मात्र थोरल्या जाऊबाईंनीं घातलें, आणि तें ठाऊक नसल्यामुळें धाकटीनेंही घातलें, कीं सबंध पंगतीचें तोंड वांकडें होतें. याशिवाय एक तिसरा प्रकार आहे: गॅस बंद करणें. ती कृति आहे, नुसतें पाहणें नव्हे. पण ती दोनदां केली तरी परिणाम एकदां केल्याइतकाच. अशा कृतीस आम्ही ‘पुनरुक्तिसह’ म्हणतों. शब्द आमच्या पदरचा आहे, याहून चांगला कोणास सुचल्यास अवश्य कळवावा. सर्व्हरवरील प्रोग्रॅम लिहिणाराचें अर्धें कौशल्य यांतच आहे कीं, मीठ घालण्याची कृति त्यानें गॅस बंद करण्यासारखी करून ठेवावी.

तत्पूर्वीं झांकण आणि मीठ यांची गल्लत तरी होऊं नये. ही गोष्ट उघड वाटते, पण तिच्यापायीं मोठा घोटाळा झालेला आहे. २००५ सालच्या मे महिन्यांत गूगलनें ‘वेब ॲक्सिलरेटर’ नांवाचें एक साधन काढलें. वाचणाराचा वेळ वांचावा म्हणून पानावरील दुवे, तो दाबण्यापूर्वींच, हें साधन आपण होऊन उघडून ठेवी. हेतु चांगलाच. परंतु कित्येक संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ हाही दुवा साध्या ‘गेट’चाच होता, साधनानें तोही इमानेंइतबारें उघडला, आणि थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन कंपनीच्या कामकाजाच्या पानांवर माणसानें हात न लावतां नोंदी पुसल्या जाऊं लागल्या. गूगलवर पुष्कळांनीं तोंडसुख घेतलें. आमच्या मतें त्या साधनानें नुसतें झांकण उघडलें होतें. झांकणाला मिठाचा डबा बांधून ठेवणारा निराळाच होता. ‘गेट’नें पाठविलेला मजकूर पानाच्या पत्त्यांतच दिसतो आणि ब्राउझरच्या इतिहासांत राहतो, म्हणून पासवर्डासारख्या गुप्त गोष्टी त्यानें कधींच पाठवूं नयेत, हेंही जातां जातां सांगून ठेवितों.

आतां रिफ्रेशकडे वळूं. रिफ्रेशचा अर्थ ‘हें पान पुन्हां दाखव’ असा आपण समजतों. ब्राउझर समजतो तो अर्थ ‘माझी शेवटची मागणी पुन्हां कर’ असा आहे. शेवटची मागणी ‘गेट’ असली तर दोन्ही अर्थ एकच. पण समजा, सर्व्हरनें ‘पोस्ट’ घेतला, शुल्काची नोंद केली, आणि त्याच उत्तरांत ‘आपले पैसे पोंचले’ हें पान पाठविलें. पडद्यावर पावती दिसते आहे खरी, परंतु तिच्यामागें शेवटची मागणी ‘पोस्ट’ आहे. पावती नीट उमटली नाहीं म्हणून एखाद्यानें रिफ्रेश केलें, कीं पावतीची नव्हे, पैशाच्या अर्जाचीच पुन्हां रवानगी होते. ब्राउझर मध्यें विचारतो, ‘फॉर्म पुन्हां पाठवूं काय?’, पण त्या प्रश्नाचा अर्थ समजून होय किंवा नाहीं म्हणणारीं माणसें किती निघतील?

एखाद्या देवस्थानांत अभिषेकाची रक्कम घेणारा कारकून डोळ्यांपुढें आणा. रक्कम घेतो, वहींत लिहितो, आणि पावती खिडकींतूनच वाचून दाखवितो. नीट ऐकूं आलें नाहीं म्हणून आपण ‘काय म्हणालांत?’ असें विचारावें, तों त्यानें पुन्हां रक्कम घ्यावी आणि वहींत दुसरा अभिषेक लिहावा! असा कारकून एक दिवस टिकणार नाहीं. शहाणा कारकून रक्कम घेऊन नोंद करतो आणि म्हणतो, ‘पावती क्रमांक अमुक, ती पलीकडच्या खिडकीवर पाहावयास मिळेल.’ त्या पलीकडच्या खिडकीवर पैसे घेण्याची सोयच नाहीं. तेथें शंभर वेळां पावती मागा, शंभर वेळां तीच दाखवितील.

सर्व्हरच्या भाषेंत या ‘पलीकडच्या खिडकीवर जा’ला रिडायरेक्ट म्हणतात. ‘पोस्ट’च्या उत्तरादाखल सर्व्हर पान पाठवीतच नाहीं, एक आंकडा आणि एक पत्ता एवढेंच पाठवितो. आंकडा ३०३, म्हणजे ‘दुसरें पाहा’. आणि पत्ता पावतीच्या पानाचा. ब्राउझर मुकाट्यानें त्या पत्त्यावर ‘गेट’ करतो. आतां पडद्यावरील पावतीमागें शेवटची मागणी ‘गेट’ आहे. रिफ्रेश कितीही करा, झांकणच उघडलें जाईल. मागें जाण्याचें बटण दाबलें तरी ‘पोस्ट’ वाटेंत लागत नाहीं. फॉर्मचें पान येतें, इतकेंच. ‘पोस्ट, रिडायरेक्ट, गेट’ या नांवानें ही रीत या व्यवसायांत सर्वांस ठाऊक आहे. ती शिकण्यास एक दुपार पुरे. आणि तरीही ती न पाळणारीं संकेतस्थळें आम्हांस वारंवार भेटतात, याचें नवल वाटतें.

आंकड्यांची हकीगत थोडी गमतीची आहे. १९९६ च्या टिपणांत ३०२ हा आंकडा ‘वस्तु तात्पुरती दुसरीकडे आहे’ अशा अर्थाचा होता, आणि तिकडे जातांना ‘पोस्ट’चें ‘गेट’ करूं नये अशी अपेक्षा होती. कित्येक ब्राउझरांनीं ती मानली नाहीं, आणि टिपणानेंच ती त्यांची चूक म्हणून नोंदली. पुढें १९९७ च्या जानेवारींतील १.१ या आवृत्तींत ‘गेट करूनच जा’ असें स्पष्ट सांगणारा ३०३ आला; १९९९ च्या जूनमध्यें ‘क्रियापद न बदलतां जा’ असें सांगणारा ३०७ आला; आणि २०१४ च्या नियमांनीं, पूर्वापार चालत आलें आहे म्हणून, ३०२ च्या बाबतींत ब्राउझरास मुभाच देऊन टाकली. २०२२ च्या आवृत्तींतही ती कायम राहिली. व्याकरण शेवटीं प्रयोगाला शरण जातें, तें असें. नातवानें ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच: फॉर्मनंतर ३०३ वापरावा. ३०७ दिला तर पैशाचा अर्जच पुढच्या खिडकीवर जाऊन थडकेल. आणि ३०१ म्हणजे ‘कायमचें स्थलांतर’. तो साध्या पानावर चुकून दिला, तर ब्राउझर तो लक्षांत ठेवून बसतो, आणि सर्व्हर दुरुस्त केल्यावरही कित्येक दिवस चुकीच्याच पत्त्यावर धांवतो.

रिडायरेक्टची आज्ञा लिहावयास एक ओळ पुरते. पण त्या एका ओळीभोंवतीं दोन खड्डे आहेत. उदाहरणार्थ पीएचपी घेऊं. रासमुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें ठेवलेली ही भाषा नवशिक्यांस फार सोयीची म्हणून बहुतेकांच्या हातांत ती पहिल्यानें पडते.

सर्व्हरचें प्रत्येक उत्तर म्हणजे एक पाकीट आणि त्यांतील पत्र. रिडायरेक्टचा पत्ता हा पाकिटावरचा मजकूर आहे. पत्राचें एक अक्षर जरी रवाना झालें, तरी पाकीट हातचें गेलें. मग त्यावर पत्ता लिहितां येत नाहीं, आणि तशी तक्रार पीएचपी करते. नवशिका शपथेवर सांगतो कीं, मीं कांहींच छापलेलें नाहीं. पाहावें तों फाईलींत पहिल्या खुणेच्या आधीं एक कोरी ओळ! मराठी पानें लिहिणारांस तर या खड्ड्याचा खास प्रसाद मिळालेला आहे. मजकूर देवनागरी असल्यामुळें फाईल यूटीएफ-८ या लिपिसंकेतांत सांठवावी लागे. आणि विंडोजमधील नोटपॅड, २०१९ सालीं सुधारणा होईपर्यंत, अशा फाईलीच्या आरंभीं डोळ्यांस न दिसणारी तीन बाइटांची एक खूण आपण होऊन घाली. ती खूणच पत्राचें पहिलें अक्षर होऊन बसे. इंग्रजी पान चालतें आणि मराठी चालत नाहीं, त्याअर्थीं दोष लिपीचा, असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले लोकही होते. बिचाऱ्या देवनागरीचा त्यांत कांहींएक अपराध नव्हता. यावर सोपी शिस्त अशी: फॉर्मची तपासणी, नोंद, आणि कोठें पाठवावयाचें याचा निर्णय, हें सर्व आधीं, पानाचें पहिलें अक्षर त्यानंतर.

दुसरा खड्डा अधिक खोल. ‘अमुक पत्त्यावर जा’ ही ओळ आली म्हणजे प्रोग्रॅम तेथें थांबला, असा समज फार पसरलेला आहे. तो थांबत नाहीं. पाकिटावर पत्ता लिहून झाल्यावर खालच्या ओळींचें काम चालूंच राहतें. समजा, एक पान केवळ अधिकाऱ्यांकरितां आहे. आरंभीं तपास लिहिलेला आहे कीं, ओळख पटली नाहीं तर प्रवेशाच्या पानावर पाठवावें. आणि त्याखालीं नोंदी पुसण्याचें काम आहे. परक्या माणसानें हें पान मागितलें. पाकिटावर ‘प्रवेशाच्या पानावर जा’ असें लिहिलें गेलें. आणि प्रोग्रॅमनें पुढें जाऊन नोंदी पुसल्याही! ब्राउझर शहाण्यासारखा प्रवेशाच्या पानावर गेला, त्यामुळें कोणाच्या कांहीं लक्षांतही आलें नाहीं. पहारेकऱ्यानें ‘आंत जाऊं नका, पलीकडे विचारा’ असें तोंडानें म्हणावें आणि दार सताड उघडें टाकून बाजूस व्हावें, तसें हें झालें. म्हणून रिडायरेक्टच्या ओळीखालीं लागलीच ‘येथें संपलें’ अशी आज्ञा—पीएचपींत तिचें नांव ‘एक्झिट’—लिहिलीच पाहिजे.

येथवर रिफ्रेशचा बंदोबस्त झाला. परंतु वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, मामंजींनीं रिफ्रेश केलेंच नव्हतें. चक्र फिरत असतां त्यांनीं बटण दुसऱ्यांदां दाबलें होतें. त्या क्षणीं पहिल्या ‘पोस्ट’चें उत्तरच आलेलें नव्हतें, मग रिडायरेक्ट येणार कोठून? पुष्कळ ठिकाणीं यावर तोड म्हणून बटण एकदां दाबतांच निर्जीव करून टाकतात. करावें, त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण हा ब्राउझरच्या अंगणांतला उपाय झाला. मोबाईलचें जाळें मध्येंच तुटलें, उत्तर वाटेंत हरवलें, माणसानें फॉर्म पुन्हां समोर आणला, कीं बटण पुन्हां जिवंत.

खरा उपाय जुनाच आहे, आणि तो मामंजींसारख्या हिशेबनीस माणसास आधीं सुचला असता. चेकबुकांतील प्रत्येक चेकवर क्रमांक छापलेला असतो, आणि एका क्रमांकाचा चेक एकदांच वटतो. त्याचप्रमाणें सर्व्हरनें कोरा फॉर्म देतांनाच त्यांत एक लांबलचक, कोणास तर्कानें काढतां येणार नाहीं असा क्रमांक गुपचूप घालून द्यावा. फॉर्म भरून आला कीं नोंदीबरोबर तो क्रमांकही वहींत लिहावा. तोच क्रमांक पुन्हां आला, तर ओळखावें कीं हा नवा अर्ज नव्हे, पहिल्याचाच प्रतिध्वनि आहे. आणि नवी नोंद न करतां पहिल्याच पावतीकडे पाठवून द्यावें. रागावूं नये, ‘आपण चूक केली आहे’ असें लाल अक्षरांत छापूं नये. दोनदां दाबणारालाही एकदां दाबणाराची तीच पावती मिळावी. मीठ घालणें आतां गॅस बंद करण्यासारखें झालें. पैशाच्या देवघेवीचें काम करणाऱ्या स्ट्राइपसारख्या मोठ्या सेवा आपणांकडे येणाऱ्या मागणीबरोबर असा क्रमांक स्वीकारण्याची सोय ठेवतात, ती याचकरितां.

यांत एक बारकावा आहे, आणि हुशार नातूही तेथें बहुधा फसतो. ‘हा क्रमांक वहींत आहे काय? नसल्यास लिही,’ असे दोन टप्पे प्रोग्रॅमांत लिहून भागत नाहीं. दोन दाब अगदीं पाठोपाठ आले, तर सर्व्हरवर दोन कारकून एकाच वेळीं वही उघडतात, दोघांसही क्रमांक दिसत नाहीं, दोघेही लिहितात. थोरल्या-धाकट्या जाऊबाईंनीं एकाच वेळीं आमटी चाखावी, दोघींनींही ‘मीठ नाहीं’ असें ठरवावें, आणि दोघींनींही डब्याकडे हात न्यावा, तशी ही स्थिति. म्हणून मनाई खुद्द वहींतच पाहिजे. डेटाबेसास आरंभींच सांगून ठेवावें कीं, या रकान्यांत एक क्रमांक दोनदां लिहूं द्यावयाचा नाहीं. मग दुसऱ्या कारकुनाची लेखणी आपोआप अडते, आणि तो निमूटपणें पहिली पावती दाखवितो.

शुल्काच्या पानावर गुंतागुंत आणखी एक असते. संस्थेचा सर्व्हर आपणांस बँकेकडे पाठवितो, बँक पुन्हां संस्थेकडे पाठविते, आणि या येरझारांत निरोप्या कोण, तर आपलाच ब्राउझर! निरोप्या वाटेंत बसला, वीज गेली, मोबाईल बंद पडला, कीं बँकेनें पैसे घेतले हें संस्थेस कळतच नाहीं. तीन नकारांच्या सूचनेचा जन्म येथला. पण व्यवहारास पक्का माणूस पैशाचा निरोप केवळ गिऱ्हाइकाच्या हातीं सोंपवीत नाहीं. बँकेकडील सर्व्हरनें संस्थेच्या सर्व्हरास परस्पर कळवावें, आणि वेळेवर न कळविल्यास संस्थेनें परस्पर विचारून घ्यावें, अशी सोय असते. ती वापरणें हेंच कर्तव्य. उलट, परत आलेला ब्राउझर ‘पैसे भरले’ असें म्हणतो म्हणून त्यावर विसंबणेंही धोक्याचेंच, कारण तसा पत्ता हातानें लिहून कोणीही पाठवूं शकतो. ज्यानें परस्पर चौकशीची व्यवस्था बसविली, त्याला नकारांचा पाढा लिहिण्याची गरज उरत नाहीं. ज्यानें बसविली नाहीं, तो तो पाढा ठळक टायपांत छापतो.

रिडायरेक्टचा पत्ता कोठून आला, हेंही पाहिलें पाहिजे. आपण आंतलें एखादें पान मागावें, सर्व्हरनें आधीं ओळख पटवून घ्यावी, आणि मग मूळ पानाकडे पोंचवावें, ही सोय चांगली. त्याकरितां मूळ पानाचा पत्ता दुव्यांतच लिहून ठेवण्याची चाल आहे. भामटा याचाच फायदा घेतो. तो असा दुवा पाठवितो कीं, त्याचा आरंभ खऱ्या बँकेच्या पत्त्यानें होतो, पण शेपटींत ‘नंतर जावयाचें ठिकाण’ म्हणून स्वतःचें पान घातलेलें असतें. आपण आरंभ पाहून निश्चिंत होतों, पासवर्ड खऱ्या बँकेलाच देतों, आणि बँकेचाच सर्व्हर आपणांस भामट्याच्या हुबेहूब दिसणाऱ्या पानावर नेऊन सोडतो. तेथें ‘पासवर्ड चुकला, पुन्हां लिहा’ असें लिहिलेलें असतें. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारानें फक्त आपल्याच घरांतील पत्ते मान्य करावेत. नुसतें ‘पत्त्याचा आरंभ तिरप्या रेघेनें होतो ना?’ एवढें पाहणें पुरत नाहीं; आरंभीं दोन तिरप्या रेघा असल्या तर ब्राउझर त्या परक्या घराचा पत्ता समजतो. आणि वडील मंडळींनीं पासवर्ड लिहिण्यापूर्वीं पत्ता वाचण्याची संवय केली असेलच. ती पासवर्ड लिहिल्यानंतरही चालूं ठेवावी.

कधीं कधीं दोन पानें एकमेकांकडे बोट दाखवूं लागतात: हें म्हणतें तिकडे जा, तें म्हणतें इकडे जा. कचेऱ्यांचे उंबरे झिजविलेल्यांस हा अनुभव नवीन नाहीं. १९९६ च्या टिपणांत असे हेलपाटे ५ हून अधिक घालूं नयेत असें सांगितलें होतें. क्रोम २० घालून मग हात टेकतो.

फॉर्ममध्यें चूक आढळली तर मात्र दुसऱ्या खिडकीवर पाठविण्याचें कारण नाहीं. भरलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून, चुकलेल्या चौकटीपाशींच काय चुकलें तें साध्या शब्दांत लिहून, तोच फॉर्म परत दाखवावा. चाळीस चौकटी भरून पिनकोडाचा एक आंकडा चुकला, म्हणून सगळा फॉर्म कोरा करून अंगावर फेंकणें, याला आम्ही क्रूरपणाच म्हणतों.

आतां, अशीं सुधारलेलीं पानें सर्वत्र होईपर्यंत घरच्या माणसांनीं काय करावें? चक्र फिरत राहिलें तर त्याच पानाशीं झटूं नये. ब्राउझरमध्यें दुसरें पान उघडून संस्थेच्या ‘माझे व्यवहार’ किंवा ‘भरलेलें शुल्क’ अशा यादीकडे जावें. ती पाहणें म्हणजे झांकण उघडणें, त्यांत धोका नाहीं. बँकेचा निरोप आला कीं नाहीं तेंही पाहावें. पैसे कापले गेले पण संस्थेस त्याची खात्री मिळाली नाहीं, असें दिसल्यास लगेच दुसऱ्यांदां भरूं नयेत. रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें ठरविलें आहे कीं, अशा प्रसंगीं, कार्डानें संकेतस्थळावर भरलेली अथवा यूपीआयनें व्यापाऱ्यास दिलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांच्या आंत आपोआप परत व्हावी, आणि न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी. मात्र दोन्ही व्यवहार पुरे होऊन संस्थेस दोन्ही रकमा पोंचल्या असतील, जसें मामंजींचें झालें, तर या नियमाचा आधार मिळत नाहीं. तेव्हां दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, तारीख आणि वेळ शेजारीं शेजारीं लिहून जादा रकमेची मागणी संस्थेकडेच करावी, आणि ती तोंडीं न करतां लेखी करावी.